६४व्या वर्षी सहा तारा



सैन्यातला माणूस व्यासपीठावर आला की लोकांची अपेक्षा असते, आता हा नेतृत्वावर बोलणार. मी आज मागच्या रांगेवर बोलणार आहे. इंदूरच्या एका गिटारच्या वर्गात मागच्या रांगेतली, खिडकीजवळची खुर्ची माझी आहे. वर्गात आम्ही ११ जण. सगळ्यात लहान मुलगी चौथीत आहे, सगळ्यात मोठा मी. आमचे सर २६ वर्षांचे आहेत.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी मूळचा साताऱ्याकडचा. बी.एस्सी. झाल्यावर सीडीएसची परीक्षा दिली, डेहराडूनला प्रशिक्षण घेतलं आणि तोफखान्यात गेलो. कर्नल म्हणून निवृत्त झालो आणि महूला घर केलं. महू इंदूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर. इन्फंट्री स्कूल, आर्मी वॉर कॉलेज इथंच असल्यामुळे निवृत्त फौजींची वस्ती मोठी. आणि होळकरांच्या कृपेनं इंदुरात मराठी कानावर पडतच असते, त्यामुळे परक्या मुलखात आल्यासारखं वाटत नाही.

आता, गिटारच का? याचं उत्तर माझ्या पत्नीच्या खांद्यात आहे.

ती गाते. लग्नाआधी गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा मध्यमापर्यंत दिलेल्या. माझ्या नोकरीत दर दोन-तीन वर्षांनी बदली, आणि प्रत्येक बदलीत आमच्या काळ्या ट्रंकांबरोबर तिची पेटी यायची. मी फील्ड पोस्टिंगवर असताना ती मुलांना घेऊन दुसऱ्या गावी राहायची, संध्याकाळी पेटी काढून बसायची. ती भावगीतं, ते अभंग मी फारच थोडे ऐकले. मी घरी यायचो तेव्हा सुट्टीची गडबड असायची. चार वर्षांपूर्वी तिचा डावा खांदा आखडला. फिजिओथेरपीनं बरंच सुधारलं, पण भाता ओढायचा तो डाव्याच हातानं. पाच मिनिटांत कळ यायची. पेटीवर एकदा कापड चढलं ते चढलंच. मोबाइलवरचा तानपुरा लावून ती थोडे दिवस गायली, मग तेही थांबलं. म्हणाली, "एकटीनं किती गायचं?"

तेव्हा मी ठरवलं की हिच्या साथीला कुणीतरी बसलं पाहिजे, आणि घरात रिकामा माणूस एकच आहे.

तुम्ही विचाराल, मग पेटी का नाही शिकलात? पेटी तिची आहे. मी एक पट्टी दाबली की स्वयंपाकघरातून दुरुस्ती आली असती. दुसरं म्हणजे, गिटार माझ्या मनात जुनी होती. ईशान्येकडे नोकरी केलेल्या कुणालाही विचारा. नागा, मिझो, खासी पोरांच्या बराकीत एखादी तरी गिटार भिंतीला टेकलेली असायचीच. शिलाँगमध्ये लू माजॉ नावाचे गायक १९७२पासून दर वर्षी २४ मे रोजी बॉब डिलनचा वाढदिवस गाणी म्हणून साजरा करत आले आहेत. त्या डोंगरात गिटार ही चैनीची वस्तू नाही, घरातलं भांडं आहे. दिवसभराची गस्त संपवून आलेला जवान बूट काढायच्या आधी तारा जुळवायचा, हे मी पाहिलेलं आहे.

काही जण म्हणतात, भावगीताला गिटार म्हणजे परकं वाद्य. पेटी तरी कुठली? तीही १९व्या शतकात युरोपातूनच आली आणि आपल्या कीर्तनात बसली. गिटारवर आपलं शास्त्रीय संगीत पंडित ब्रिजभूषण काबरांनी वाजवून दाखवलं. पंडित विश्वमोहन भट्टांनी त्याच गिटारीतून मोहनवीणा घडवली आणि १९९४मध्ये ग्रॅमी मिळवलं. वाद्य कुठून आलं यापेक्षा ते कुणाच्या मांडीवर आहे, ते महत्त्वाचं.

आता वर्गाकडे येतो.

पहिल्या दिवशी सरांनी मला पुढची खुर्ची दिली आणि 'कर्नल साहब' म्हणून हाक मारली. मी म्हटलं, "सर, इथं कर्नल तुम्ही. मी रिक्रूट." मुलं हसली. मी ते विनयानं बोललो नव्हतो, सैन्यातली रीतच सांगत होतो. सैन्यात ड्रिल आणि हत्यारं शिकवणाऱ्या हवालदाराला 'उस्ताद' म्हणतात. कॅडेट काही महिन्यांनी अधिकारी होणार, तोच हवालदार मग त्याला सलाम ठोकणार, हे दोघांनाही माहीत असतं. पण मैदानावर उस्तादाचा शब्द शेवटचा. हुद्दा वेगळा आणि विद्या वेगळी, हे आम्हाला विशीतच शिकवतात. गाण्यातही शब्द तोच, उस्ताद.

निवृत्तीनंतर मात्र हा धडा विसरायला होतं. तीस वर्षं ज्यांनी 'जी सर' म्हटलं तेच लोक सकाळी फिरायला भेटतात. आपलं कुणी चुकवत नाही, दुरुस्त करत नाही. अशा माणसाला चौथीतली मुलगी सांगते, "अंकल, आपका बी स्ट्रिंग ढीला है." आणि तो खरंच ढीला असतो. औषधापेक्षा हे जास्त लागू पडतं.

सुरुवातीचं शरीराचं सांगतो, कारण आपल्या वयाचे लोक तिथंच सोडून देतात. डाव्या हाताची बोटं दुखतात. तारेचे वळ उठतात. तीन-चार आठवड्यांत टोकांची कातडी घट्ट होते आणि दुखणं कमी होतं. रोज १५ मिनिटं वाजवली तर लवकर होतं. रविवारी एकदम दोन तास वाजवलं तर फक्त बोटं सुजतात. डाव्या हाताची नखं अगदी कापलेली हवीत. स्टीलच्या तारा सोसत नसतील तर नायलॉनच्या तारांची गिटार घ्या, ती बोटांना मऊ पडते. आणि घेण्याआधी जाणकाराकडून तारांची पट्टीपासूनची उंची तपासून घ्या. तारा फार उंच असल्या तर तरण्या मुलाचीही बोटं थकतात.

माझी एक जादा अडचण होती. तोफखान्याची नोकरी म्हणजे कानांनी दिलेली किंमत. १५५ मिलिमीटरच्या तोफेशेजारी वर्षं काढली की कानात कायमची शिट्टी राहते आणि बारीक, वरचे आवाज गळतात. माझा डावा कान तसा आहे. अकरा गिटारींच्या गलक्यात तार जुळवायची कशी? सरांनी गिटारीच्या डोक्याला लावायचा चिमट्यासारखा ट्यूनर दिला. तो हवेतला आवाज ऐकत नाही, लाकडाचं थरथरणं मोजतो. शेजारी ढोल वाजत असला तरी बरोबर सांगतो. त्यावरून मला एक युक्ती सापडली. गिटार छातीशी घट्ट धरली की स्वर हाडांतून आत येतो. कमी ऐकू येणाऱ्यांनी बासरी-व्हायोलिनपेक्षा गिटारीचा विचार जरूर करावा. ती अंगानं ऐकता येते.

खरी परीक्षा कॉर्ड बदलण्याची. जी वरून सी, सी वरून डी. तीन-तीन बोटं एकदम उचलून एकदम टेकवायची. सर मेट्रोनोम ६० ठोक्यांवर लावतात, म्हणजे सेकंदाला एक ठोका. कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात ठोका आला की बोटं निघतात आणि उशिरा पोचतात. इथं मला तोफखाना उपयोगी पडला. वेगवेगळ्या ठिकाणच्या तोफांचे गोळे एकाच सेकंदाला लक्ष्यावर पाडायचे असतील, तर लांबची तोफ आधी डागावी लागते. गोळ्याला प्रवासाचा वेळ लागतो. बोटांचंही तेच. कॉर्ड ठोक्यावर पोचायला हवी, म्हणून बोट ठोक्याच्या आधी उचलायचं. हे डोक्यात बसलं त्या आठवड्यापासून सी कॉर्ड वेळेवर पडायला लागली.

आणि एखादी कॉर्ड हुकली तर? एकट्यानं व्हिडिओ बघून शिकताना माणूस थांबतो, मागे जातो, पुन्हा सुरू करतो. वर्गात थांबता येत नाही. दहा जण पुढे निघून गेलेले असतात. परेडमध्ये संचलन मिनिटाला १२० पावलांनी चालतं. कुणाचं पाऊल चुकलं म्हणून तुकडी थांबत नाही. त्यासाठी 'कदम बदल' नावाची हालचाल आहे. मागचा पाय पुढच्या टाचेशी आणायचा, पुढचा पाय टाकायचा, आणि चालता चालता पुन्हा तालात यायचं. कुणाला कळतही नाही. गिटारच्या वर्गातही हुकलेली कॉर्ड सोडून द्यायची, उजवा हात चालू ठेवायचा आणि पुढच्या मात्रेवर मंडळींना गाठायचं. सामूहिक वर्गाचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो. तो तुमच्यासाठी थांबत नाही, आणि परत आलात तर जागा ठेवतो.

सरांचा एक नियम आहे. शेजाऱ्याची गिटार ऐकू येत नसेल, तर तुम्ही जोरात वाजवताय. हा नियम ऐकून मी बराच वेळ गप्प होतो. आयुष्यभर मला आवाज पोचवायची सवय. मैदानाच्या त्या टोकापर्यंत हुकूम गेला पाहिजे. इथं कौतुक होतं ते आपला आवाज शेजाऱ्याच्या आवाजात मिसळल्याचं.

आठव्या महिन्यात घरी बसलो. पहिला प्रश्न पट्टीचा. वर्गात आम्ही जी मध्ये वाजवतो, आणि पत्नीची पट्टी काळी चार. पेटीवाल्यांना कळेल, जी म्हणजे पांढरी पाच, काळी चार तिच्याहून अर्ध्या स्वरानं वर. गिटारवर याचं उत्तर सोपं आहे. पेटीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात, इथं त्या सगळ्या एका रांगेत, प्रत्येक घर अर्ध्या स्वराचं, १२ घरांत सप्तक पूर्ण. पहिल्या घरावर कॅपो नावाचा चिमटा लावला की तीच बोटं, तोच जी, आणि निघते काळी चार. एका चिमट्यानं माझं वर्गातलं शिक्षण तिच्या गळ्याशी जुळलं.

पण ताल जुळायला वेळ लागला. गळ्यात मेट्रोनोम नसतो. ती एखाद्या शब्दावर रेंगाळते, एखादी ओळ उचलते, मध्येच श्वास घेते. पूर्वी अखंड निघायची ती ओळ आता दोन श्वासांत येते. पहिल्याच संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, मोजू नका. ऐका." मी उजवा कान तिच्याकडे करून बसलो. ती थांबली की हात हलका ठेवायचा, ती निघाली की सोबत निघायचं. वर्गात दहा जणांबरोबर हेच तर शिकलो होतो. एकास एक शिकवणी घेतली असती तर सरांनी माझ्या चालीनं वाजवलं असतं, आणि मी घरी येऊन तिलाही माझ्या चालीनं चालवलं असतं.

मराठीत साथ हा शब्द दोन्हीकडे चालतो. तबलजी साथ करतो, आणि नवरा-बायकोही साथ देतात. नोकरीच्या वर्षांत तिनं माझ्या बदल्यांना साथ दिली. सामान बांधलं, सोडलं, शाळा बदलल्या, आजारपणं एकटीनं काढली. त्याची परतफेड गिटारीनं होत नाही, तसा हिशोब मी मांडत नाही. पण आता गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे तीन गाणी होतात. तीनच, कारण मला तीनच येतात. पेटी अजून कापडाखाली आहे. गाणं मात्र घरात परत आलं आहे. गेल्या महिन्यात ती चौथं गाणं काढा म्हणाली, त्यात ई मायनर आहे. ती मला येते. एफ असती तर मुदत मागावी लागली असती, कारण एफला एकच बोट सगळ्या तारांवर आडवं दाबावं लागतं.

ऐकणाऱ्यांत माझ्या वयाचे बरेच असतील. हैदराबादला, बडोद्याला, बेंगळुरूला मुलांकडे राहायला गेलेले, नव्या शहरात ओळखी नसलेले. तुम्हाला सांगणं एवढंच. तुमच्या मोहल्ल्यात एखादा वर्ग शोधा. गिटारचाच हवा असं नाही. पण वर्ग समूहाचा हवा, आणि त्यात तुमच्याहून लहान माणसं हवीत. वेगळी वेळ मागू नका. पुढची खुर्ची मागू नका. मुलं 'अंकल' म्हणतील, म्हणू द्या. आणि कुणाच्या साथीला बसण्यासाठी शिकताय ते मनात पक्कं असू द्या. बोटं दुखतील त्या महिन्यात तेच तुम्हाला वर्गात नेईल.

माझा पुढचा वर्ग मंगळवारी आहे. चौथीतल्या बाईंनी सांगितलंय, अंकल, जुन्या तारा बदलून या. हुकूम आहे, पाळावाच लागेल.