संपाची नोटीस आणि अणुबॉम्ब



आमचे शिक्षण शाळेपेक्षा कारखान्याच्या फाटकावरच अधिक झाले. अणूचे शास्त्र सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण धमकी केव्हा चालते आणि केव्हा अंगलट येते, हे चिकलठाणा-वाळूजच्या कामगारांत वावरून आम्ही थोडेफार शिकलो आहोत. अण्वस्त्रांचे राजकारण हे शेवटी धमकीचेच राजकारण होय. तेव्हा आज त्याच बाजूने बोलू.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. मुंबईत ट्रॉम्बे येथे 'सायरस' अणुभट्टी १९६० साली सुरू झाली. भट्टी कॅनडाने दिली, जड पाणी अमेरिकेने दिले, आणि उपयोग शांततेसाठी व्हावा असे ठरले. १८ मे १९७४ रोजी पोखरणला स्फोट झाला, त्यातले प्लुटोनियम याच भट्टीतले. आपण त्याला शांततामय स्फोट म्हटले. ११ मे १९९८ रोजी, ऐन बुद्धपौर्णिमेला, तोही पडदा आपण दूर सारला. त्याच महिन्याच्या २८ तारखेस पाकिस्तानने चगाईला उत्तर दिले.

बॉम्बचे समर्थक म्हणतात, तो वापरण्यासाठी नाही, वापरण्याची वेळ येऊ नये म्हणून आहे. हा युक्तिवाद आम्हांस परका नाही. संपाची नोटीस आम्हीही देतो, ती संप टळावा म्हणूनच. नोटिशीमागे बळ दिसले की मालक चर्चेला बसतो. १९४५ नंतर बड्या राष्ट्रांत महायुद्ध पेटले नाही, हेही खरे. मग नोटीस नीतीची आणि बॉम्ब अनीतीचा, असे कसे?

पहिला फरक असा की, संपाची किंमत आधी संपकरी भरतो. चूल त्याच्या घरची विझते, म्हणून नोटिशीवर सही करताना हात जड होतो. बॉम्बची किंमत भरतो तो मात्र तिसराच. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी हिरोशिमात हजारो शाळकरी मुलांना घरे पाडून मोकळे पट्टे करण्याच्या कामाला जुंपले होते. त्या मुलांनी कोणते युद्ध पुकारले होते? वर्षअखेरपर्यंत त्या एका शहरात सुमारे १,४०,००० माणसे मेली.

दुसरा फरक असा की, संप मागे घेता येतो. चुकलेला पुढारी दुसऱ्या दिवशी कामगारांपुढे हात जोडून उभा राहू शकतो. सुटलेले क्षेपणास्त्र माघारी फिरत नाही. ९ मार्च २०२२ रोजी आपले एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. त्यावर स्फोटके नव्हती, कोणी मेले नाही, आपल्या सरकारने खेद व्यक्त केला. प्रेसवर बोटे गमावलेले कामगार आम्ही पाहिले आहेत. ते यंत्रही आदल्या दिवसापर्यंत सुरक्षितच म्हटले जात होते.

मग आपण एकट्यानेच उद्या बॉम्ब मोडून टाकावा काय? असे आम्ही म्हणत नाही. जगातील नऊ राष्ट्रांपाशी मिळून बारा हजारांच्या आसपास अण्वस्त्रे आहेत. १९७० पासून लागू असलेल्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारात बड्यांनी निःशस्त्रीकरणाचा शब्द दिला, तो पाळला नाही. नियम कामगाराला आणि सूट मालकाला, असा तो करार आहे, ही भारताची तक्रार रास्तच आहे. पण दुसऱ्याच्या अन्यायाने आपला अन्याय न्याय ठरत नाही.

लढा लांबला की आम्ही निदान पदरात पडलेला करार तरी जपतो. तसा एक करार येथेही आहे. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असे भारत-पाकिस्तानांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी लिहून दिले. त्यानुसार १९९२ पासून १ जानेवारीला याद्यांची देवघेव होऊ लागली. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला, आणि पाचच आठवड्यांनी, १ जानेवारी २००९ रोजी, याद्या ठरल्याप्रमाणे दिल्या-घेतल्या गेल्या. रागाच्या भरातही शब्द पाळता येतो, याचा हा पुरावा.

अण्वस्त्राचा पहिला वार आपण करणार नाही, हाही शब्द आपल्या सरकारने २००३ साली धोरण म्हणून जाहीर केला. तो सैल करण्याची भाषा अधूनमधून कानी येते. ती कोणत्याही पक्षाच्या व्यासपीठावरून आली, तरी तिच्यावर टाळ्या वाजवू नका. धमकी देणाऱ्याचे निम्मे बळ टाळ्यांत असते, हे आम्ही फाटकसभांत पुष्कळदा पाहिले आहे. त्या टाळ्या आपल्या हातात आहेत.