आर्टिकलशिपला जाताना



स्नेहसंमेलनात ऑडिटचा विषय काढणं थोडं अवेळीच आहे. पण तुमच्यातले बरेच जण लवकरच सीएच्या आर्टिकलशिपला, म्हणजे ऑफिसातल्या प्रशिक्षणाला, लागतील, आणि ऑफिसात आपली छाप कशी पडेल याची धास्ती आतापासूनच असेल. सल्ले मिळतात ते कपड्यांचे, इंग्रजीचे, आत्मविश्वासाचे. माझं म्हणणं वेगळं आहे. तुम्ही जागेवर नसताना तुमचं काम दुसऱ्याला तपासता येतं का, यावरून तुमच्याबद्दलचं मत ठरतं.

हा आपल्या व्यवसायाचा नियमच आहे. लेखापरीक्षणाचं २३० क्रमांकाचं मानक सांगतं, की त्या ऑडिटशी आधी संबंध नसलेल्या अनुभवी लेखापरीक्षकालाही नुसते कागद पाहून काय तपासलं, काय सापडलं आणि निष्कर्ष कशावरून काढला हे समजलं पाहिजे. समजा, खरेदी रजिस्टर जीएसटीच्या टू-बीशी, म्हणजे पुरवठादारांनी नोंदवलेल्या बिलांच्या यादीशी, जुळवायचं काम आहे. एक आर्टिकल संध्याकाळी ‘झालं सर’ म्हणून निघतो. दुसरी फाइलवर लिहून ठेवते: सात बिलं टू-बीत दिसत नाहीत, तिनांत जीएसटी क्रमांक चुकलाय, दोन पुढच्या महिन्याच्या टू-बीत आली आहेत, उरलेल्या दोन पुरवठादारांबद्दल क्लायंटच्या अकाउंटंटला विचारलंय, उत्तर यायचंय. दोघांनी मेहनत सारखीच केली असेल. पण पहिल्याचं काम सीनियरला पुन्हा मुळापासून करावं लागतं, दुसरीचं तिथूनच पुढे नेता येतं. पुढच्या ऑडिटला कुणाला न्यायचं, हे तिथेच ठरून जातं.

यावर कुणी म्हणेल, आम्हाला देतात तेच टिका मारायचं आणि पत्रं पाठवायचं काम, त्यात काय दिसणार? त्यांनी ‘सत्यम’ कंपनीचा घोटाळा आठवावा. जानेवारी २००९मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनीच कबूल केलं, की ताळेबंदातली ५,०४० कोटी रुपयांची रोख आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नाही. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने २०११ साली लेखापरीक्षकांवर ठपका ठेवला तो याचाच, की बँकांकडून शिल्लक पडताळून घेण्याची प्रक्रिया नीट पाळली गेली नाही. म्हणजे जे काम किरकोळ समजून नवख्यांच्या हाती दिलं जातं, तेच! पत्र कुणी टाकलं, उत्तर थेट बँकेकडून आलं की कंपनीमार्फत, ही एवढीशी नोंद ठेवणारा आर्टिकल ऑफिसला फार मोलाचा असतो.

दुसरी शंका जास्त खोल आहे: अडलं म्हणून सांगितलं तर आपल्याला कच्चं समजतील. काही सीनियर तसं समजतातही, नाकारण्यात अर्थ नाही. पण दुसऱ्या दिवशी विचारलेली शंका पाच मिनिटांत सुटते. तीच दडवली आणि सही व्हायच्या आदल्या रात्री वर आली, तर सगळ्यांची झोप जाते, आणि ते कुणी विसरत नाही. फक्त विचारताना आपण काय काय पाहिलं आणि नेमकं कुठे अडलं, तेही सांगा. मराठी माध्यमातून आलेल्यांना इथे संकोच वाटतो, आणि फाडफाड बोलणाऱ्याला पहिले आठ दिवस झुकतं माप मिळतं, हेही खरं. मात्र बिल क्रमांक, तारीख, रक्कम आणि दोन साधी वाक्यं लिहायला फर्डं इंग्रजी लागत नाही.

शेवटचा आक्षेप पालकांचा असतो: स्टायपेंड तुटपुंजा, मुलं राबवून घेतात. काही ठिकाणी घेतात. चांगली छाप म्हणजे रात्री दहापर्यंत खुर्ची अडवून बसणं नव्हे, आणि प्रिन्सिपलची, म्हणजे ज्या सीएच्या हाताखाली शिकता त्यांची, खाजगी बिलं भरणं तर नव्हेच. जुलै २०२३पासूनच्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे. वाया घालवायला आता वेळच उरलेला नाही. म्हणून इथे बसलेल्या माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे, की आर्टिकलने लिहिलेली टिपणं वाचा, चुकीच्या जागी खूण करा आणि कागद त्याच्या हातात परत द्या.