समोरचा पाळणा

विहिरीवरच्या रहाटासारखा फिरतो म्हणून त्याला रहाटपाळणा म्हणतात. माझ्या लहानपणी पुसेगावच्या यात्रेत चार पाळण्यांचा, हातानं फिरवायचा लाकडी रहाटपाळणा आला होता. भर दुपारी दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. पाळणेवाला म्हणाला, "एकट्याला न्हाई फिरवता येत. समोर वजन पायजे."

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, उंचीचं फार भय. तरी ते काही न बोलता समोरच्या पाळण्यात जाऊन बसले. मी वर गेलो तेव्हा ते खाली डोळे मिटून, दांडी घट्ट धरून बसलेले दिसले. मला हसू आलं.

पुढे वाचनात आलं, की १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस यांनी २६४ फूट उंचीचं पोलादी चक्र उभारलं. त्याला ३६ डबे, एकेका डब्यात ६० माणसं! तत्त्व मात्र आमच्या लाकडी पाळण्याचंच. दोन्ही बाजूंचं वजन सारखं असलं, की खाली येणारा वर जाणाऱ्याला उचलतो. फिरवणाऱ्याला फारसा जोर लागत नाही.

म्हणजे त्या दुपारी मला वर नेलं ते अण्णांनी. हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

उंचीचं भय आता मलाही वाटतं. गेल्या उरुसात नातीनं हट्ट धरला, तेव्हा मी निमूट तिच्या समोरच्या पाळण्यात जाऊन बसलो. वरून ती हसत होती. मी डोळे मिटून घेतले.