काचनळीत फुललेला कळक
(येरवडा येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कळकास फुले येणे हा आपल्या बुरूड समाजात आनंदाचा विषय कधीच नव्हता. तीस-चाळीस वर्षे तो मुकाट वाढतो, एकदाच फुलतो, बी टाकतो आणि बेटेच्या बेटे वाळून जातात. अशाच एका वर्षी आमच्या वडिलांनी सुपे-टोपल्या सोडून हमाली पत्करली होती.

त्याच कळकाची एक हकीकत आपल्या पुण्यातच घडली. आम्हांस ती फार उशिरा कळली. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. नाडगौडा, डॉ. मस्कारेन्हास व त्यांचे सहकारी यांनी कळकाची कोवळी रोपे काचनळीत वाढविली. मातीऐवजी क्षार, साखर, सायटोकायनिन हे संप्रेरक आणि नारळाचे पाणी. (शहाळे तेथेही लागते, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटले!) त्या इवल्याशा रोपांना काही महिन्यांतच फुले आली, बीही धरले. १९९० साली 'नेचर' या ब्रिटिश नियतकालिकात ही वार्ता प्रसिद्ध झाली.

दोन उत्तम जातींचा संकर करावयाचा, तर दोन्ही एकाच वेळी फुलावयास हव्यात. त्यात माणसाचे आयुष्य सरते. ती वाट नळीने मोकळी केली. तथापि नळीतले रानात उतरावयास काळ लागतो. बांबू स्वस्त झाला, असे आपल्यापैकी कोणाच्या तोंडून आम्ही अद्याप ऐकले नाही.

पाषाण येथून दूर नाही. विज्ञानशाखेतील आपल्या मुलांना परवानगी काढून तेथे नेण्याचा आमचा विचार आहे. इच्छुकांनी आजच नावे द्यावीत.