नाच बसवणाऱ्याचे पोट



आपल्या मुलांच्या तालमीत दहावीतली एक मुलगी स्वतः नाचत नाही, बाकीच्या आठ जणींचा नाच बसवते. तिला पुढे हेच करायचे आहे. तिच्या वडिलांनी मला विचारले, "यात पोट भरते का हो?" प्रश्न रास्त आहे. आपण सगळी नोकरीसाठी घर सोडून झाशीला आलेली माणसे!

उत्तम नाचणारा उत्तम नृत्यदिग्दर्शक असतोच असे नाही. कोण कुठून येणार, कोण कुठे थांबणार, आठही जणी समेवर एकत्र कशा येणार, हे त्याला आधी डोळ्यांपुढे दिसावे लागते. त्यासाठी ताल अंगात मुरलेला हवा, आणि त्याला वर्षे लागतात.

रोहिणीताई भाटे यांचेच पाहा. जन्म १९२४ चा, पाटण्याचा, कर्मभूमी पुणे. १९४७ साली, वयाच्या तेविशीच्या आत, त्यांनी 'नृत्यभारती' सुरू केली. मध्यमवर्गीय घरातल्या मुलीने नाचणे तेव्हा पुष्कळांना रुचत नसे. संस्था निघाल्यावरही लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्या वर्षानुवर्षे शिकत राहिल्या. म्हणजे विद्या आपल्या लखनौची, बहरली पुण्यात! एकीकडे शिकायचे, दुसरीकडे शिकवायचे आणि त्यातूनच नव्या रचना करायच्या. १९७९ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. २००८ साली त्या गेल्या. शिष्या आजही शिकवत आहेत.

सिनेमाही आहेच. 'नटरंग'मुळे फुलवा खामकर हे नाव घरोघरी पोहोचले. पण तिथे काम कधी असते, कधी नसते. बहुतेकांचा संसार चालतो तो शिकवणीवर, हे वडिलांना मी स्पष्ट सांगितले. बारावीनंतर ग्वाल्हेरच्या राजा मानसिंह तोमर विद्यापीठात किंवा लखनौच्या भातखंडे विद्यापीठात कथक शिकता येते, हेही सांगितले. मुलीला पुण्याला धाडायलाच हवे असे नाही.

आता थोडे आपल्याबद्दल. मंडपवाल्याला आपण पैसे मोजतो, लाउडस्पीकरवाल्यालाही मोजतो. महिनाभर घसा कोरडा करून नाच बसवणाऱ्या ताईंना मात्र शाल, नारळ आणि टाळ्या! आणि वर आपणच विचारतो, पोट भरते का? पुढील वर्षीच्या अंदाजपत्रकात नृत्यदिग्दर्शनाच्या मानधनाची वेगळी तरतूद असावी, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे ठेवतो.