थंडीतले बोलके खेळ

इंदूरच्या सराफा बाजारात गराडू नावाच्या कंदाचे काप तळले जाऊ लागले की थंडी आलीच म्हणायची. घरी गराडू आणलेत तर मुलाच्या हातात लगेच देऊ नका. क्षणभर थांबा, त्याला मागू द्या. 'गराडू दे', 'गरम आहे', वरचा मसाला नको असेल तर 'जिरावन नको'. शब्दाला शब्द जोडण्याचा हा खराखुरा सराव आहे. संक्रांतीचे लाडू वळताना तीळ, गूळ, पोळी म्हणवून घ्या. इथल्या आपल्या मराठी मुलांच्या तोंडी हिंदीच्या सवयीने 'ळ'चा 'ल' सहज होतो. रागावू नका, आपण नीट म्हणून दाखवा. दोन भाषांमुळे बोलणं लांबतं, हा मात्र निव्वळ गैरसमज. आणि गरम दुधावर फुंकर मारायची ती गंमत म्हणून. तिने उच्चार सुधारतात याला फारसा आधार नाही.

सर्दीकडे मात्र लक्ष हवं. सर्दीमुळे कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं की काही काळ कमी ऐकू येतं. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल, तर 'होईल आपोआप' म्हणत बसू नका. आधी कानांची तपासणी, मग वाचा-उपचारतज्ज्ञ. इंदूरच्या एमवाय रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करता येईल.