शहराने आपल्या हाताने दिलेली सत्ता

राजे कसे होतात असे कुणी विचारले, तर आपण चटकन म्हणतो, तलवारीच्या जोरावर. इटलीतल्या फेरारा शहरात १२६४ साली घडले ते मला म्हणूनच विलक्षण वाटते.

उत्तर इटलीतली ही शहरे तेव्हा आपला कारभार आपणच पाहत. कारभारी, म्हणजे पोदेस्ता, मुद्दाम परगावाहून आणायचा, मुदतीपुरता नेमायचा आणि मुदत संपली की हिशेब दिल्याशिवाय त्याला सोडायचे नाही, असा रिवाज. किती शहाणपणाची सोय! पण फेरारात दोन तट होते, एस्ते घराण्याचा आणि तोरेल्लींचा. एकाची सरशी झाली की दुसऱ्याने गाव सोडायचे. १२४० साली व्हेनिस आणि पोपच्या बाजूच्या फौजांच्या मदतीने एस्तेंनी तोरेल्लींना कायमचे हटवले. त्यांचा म्हातारा पुढारी सालिंग्वेर्रा व्हेनिसच्या कैदेत वारला. पुढची चोवीस वर्षे आत्सो एस्ते याचा शब्द गावात चालला.

१२६४ मध्ये आत्सो गेला. मागे उरला नातू ओबित्सो, जेमतेम सतरा-अठरा वर्षांचा. हाकललेले परत आले तर? ही धास्ती एस्तेंच्या बाजूच्या मातब्बरांना होतीच. चौकात लोक जमवले गेले आणि ओबित्सोला शहराचा कायमचा धनी ठरवण्यात आले. ‘कायमचा’ हा शब्द महत्त्वाचा. पोदेस्ताची मुदत आणि त्याचा हिशेब, दोन्ही एका दमात निकालात निघाले. आता ही लोकांची खुशी होती का? चौकात एस्तेंची हत्यारबंद माणसे होती, असे तिथला जुना बखरकार सांगतो. तो पुढे कडवटपणे म्हणतो, की या पोराला देवापेक्षाही जास्त अधिकार मिळाला, कारण देवाला अन्याय करता येत नाही! दान्तेने तर आपल्या महाकाव्यात ओबित्सोला नरकातल्या उकळत्या रक्ताच्या नदीत उभे केले आहे.

मधली थोडी वर्षे सोडली, तर १५९८ पर्यंत फेरारा एस्तेंकडेच राहिले.

मला मात्र आठवते ते १२८७ सालचे फेराराचे कायद्याचे पुस्तक. चौकातला तो ठराव त्यात रीतसर उतरवलेला आहे. आणि त्याच पुस्तकात, ज्या कारागीर-व्यापाऱ्यांनी त्या दिवशी चौकात होकार भरला असेल, त्यांच्या साऱ्या पेशेवार संघटना रद्द केल्याचेही कलम आहे.